दारू जास्त झाली!

कॉलेजात मराठी शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. वर्गात श्लेष शिकवायची वेळ आली म्हणजे दोन अर्थांचा एखादा शब्द हाताशी असला की बरे पडते. 'दारू' हा असाच एक सोयीचा शब्द. फारसीत त्याचा अर्थ औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून तग धरून आहे. मराठीत आल्यावर मात्र या शब्दाने दोन बिऱ्हाडे थाटली, एक गुत्त्यात आणि दुसरे तोफखान्यात. दारूगोळा, दारूकाम, शोभेची दारू ही सगळी मंडळी दुसऱ्या बिऱ्हाडातली. या दिवाळीत तुमची मुले अंगणात उडवतील तीही दारूच. तिच्याबद्दल मात्र कोणी नाक मुरडत नाही.

मुले या श्लेषावर हसतात, मीही हसत असे. पण याच श्लेषाने आमच्या घरातल्या एका माणसाचे आयुष्य नासवले, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. तेही ग्रंथालयात नव्हे, तर शिरोलीच्या एमआयडीसीत, एका लेथपाशी उभे असताना. त्याचीच ही हकिगत.

माझ्या आजोबांचे थोरले बंधू राधानगरीच्या बाजूला एका जहागिरदारांकडे शिकारी म्हणून नोकरीला होते. घरात त्यांना थोरले आबा म्हणत. ते १९७१ साली वारले, माझ्या जन्माच्या आठ वर्षे आधी. त्यांचा एकच फोटो घरात आहे आणि तोही एका बाजूने काढलेला. कारण १९४६ साली रायफल उडवताना अपघात झाला आणि त्यांचा उजवा डोळा गेला. पुढे नोकरी गेली, ठरलेली सोयरीक मोडली. उरलेली पंचवीस वर्षे ते मळ्यातल्या खोलीत एकटे राहिले.

हे कशामुळे झाले असे लहानपणी विचारले की आजोबा चारच शब्द उच्चारीत : "काय सांगू? दारू जास्त झाली." आणि विषय बंद! आम्ही पोरे जे समजायचे ते समजलो. गावही तेच समजले. आमच्या घरात कोणी लग्नाच्या वरातीत जरा झिंगून आला की बायका एकमेकींना म्हणत, "थोरल्या आबांवर गेलाय हो!"

माळ्यावरची ट्रंक

गेल्या उन्हाळ्यात भोगावतीच्या काठचे आमचे जुने घर उतरवले. गोठ्यावरच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक निघाली. त्यात एक चामडी पट्टा, शिकारखान्याच्या हिशेबाची वही (पाने वाळवीने खाल्लेली), दोन कानशी, खाच पाडलेली पोलादाची एक पट्टी आणि तंबाखूच्या डब्यात पितळेच्या सतरा पुंगळ्या होत्या. पुंगळी म्हणजे गोळी उडून गेल्यावर मागे राहते ते काडतुसाचे रिकामे कवच. बाटलीसारखा तिचा आकार. खाली रुंद, वर खांदा आणि मग बारीक मान. तळाशी वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली अठरावी पुंगळी होती. ती बुडाशी फाटलेली होती.

माझे पहिले काम भीतीचे होते. वकिली करणाऱ्या मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, आधी एक सांगा, भरलेलं काडतूस त्यात एकही नाही ना?" नाही म्हटल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला. मग त्याने कायदा समजावला. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा त्यात मोठा गुन्हा आहे, आणि रिकामी पुंगळी पुन्हा भरणे म्हणजे बनवणेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. मात्र पुन्हा वापरण्याचा हेतू नसलेले किरकोळ सुटे भाग कोणाजवळ असले, तर त्यांना याच कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात सूट आहे. "तरी त्या निकामी करून टाका," तो म्हणाला, "म्हणजे हेतूचा प्रश्नच उरणार नाही."

निकामी करायच्या म्हणजे यंत्र हवे. मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. माझ्याच विषयात दोनदा नापास होऊन त्याने कॉलेज सोडले आणि आयटीआयची वाट धरली. आता बापलेकांचा शिरोलीत छोटा कारखाना आहे, तीन लेथ आणि एक ड्रिल. मराठीने त्याचे काही अडले नाही, हे मला दर दिवाळीला त्याच्या फराळाच्या डब्यावरून कळते.

शिरोलीच्या शेडमध्ये

कोल्हापुराहून पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागले की पुलाची शिरोली. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत येथेच महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली होती. एरवी या वसाहतीला पाण्यापेक्षा आगीची सवय जास्त. ओतीव लोखंडाच्या फौंड्र्या, वाळूचे काळे ढीग, ओतीव माल कातून देणारे छोटे कारखाने आणि चहाच्या गाड्यांवर तेलकट हातांची गर्दी. ऑईल इंजिने बनवता बनवता कोल्हापूरच्या मेस्त्रींनी जी विद्या कमावली, तिचा हा पुढचा संसार.

डबा टेबलावर ओतला तशी बाप आणि लेक दोघेही वाकले. माझा विद्यार्थी पुंगळ्यांकडे बघत होता. मेस्त्रींनी मात्र आधी ती खाच पाडलेली पट्टी उचलली आणि उजेडाकडे धरली.

"सर, ह्यो गो-नोगो गेज हाय की! हातानं केलाय. कुणी केला?"

मी म्हणालो, "आमच्या थोरल्या आबांनी. शिकारी होते."

"शिकारी नव्हं, फिटर म्हणा," मेस्त्री म्हणाले. त्यांनी एक पुंगळी खाचेत आडवी बसवली. ती अलगद बसली. दुसरी बसली, तिसरी बसली. सतराच्या सतरा बसल्या. मुलाने डिजिटल व्हर्निअरने मापे घेतली. सगळ्या ४९.८ ते ५०.२ मिलिमीटरच्या आत होत्या, आणि पट्टीची खाच बरोबर ५०.२ ची. ऐंशी वर्षांपूर्वी खेड्यातल्या गोठ्यात बसून कानशीने केलेले ते काम! मेस्त्रींनी पट्टी फडक्याने पुसून ठेवली. देवघरातला टाक पुसावा तशी.

मी विचारले, "पण मेस्त्री, पुंगळी मापात कशाला आणायची? ती तर कारखान्यातूनच मापात येते ना?"

"येती की," ते म्हणाले, "पर वाढती."

पितळ वाढते कसे?

पितळ वाढते हे ऐकून मी हसलो. पण हे अगदी शब्दशः खरे आहे, आणि ज्याच्या घरी तांब्या-पितळेची भांडी आहेत त्या प्रत्येकाला ते समजण्याजोगे आहे.

काडतुसाचे पितळ म्हणजे शंभर भागांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. हे प्रमाण मुद्दाम निवडलेले असते, कारण या पितळाइतके ताणले जाणारे पितळ दुसरे नाही. पत्र्याची चकती कापतात, तिची वाटी करतात आणि ती वाटी दाबून दाबून लांब नळी ओढतात. प्रत्येक ओढीनंतर पितळ कडक होते, म्हणून ते तापवून नरम करावे लागते आणि मग पुढची ओढ. पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडवणारा कारागीर हेच करतो. ठोके घालून पत्रा ताठरला की तो भट्टीत घालतो आणि नरम झाला की पुन्हा हातोडा उचलतो. पोलाद तापवून पाण्यात बुडवले तर कडक होते, पितळ होत नाही. तांबटाला हे पोथीवाचून ठाऊक असते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर चालते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा १९६४ सालचा. २०२१ मध्ये सरकारने आयुध निर्माणींची मोडणी करून सात कंपन्या केल्या. तेव्हापासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहेत.

आता गोळी उडते तेव्हा काय होते ते पाहा. आत हवेच्या दाबाच्या दोन-तीन हजार पट दाब क्षणार्धात उत्पन्न होतो. पुंगळी फुगून नळीच्या भिंतींना घट्ट चिकटते आणि धूर मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून ती बाहेर काढता येते. उडवणाऱ्याचा डोळा आणि ती आग यांच्यामध्ये त्या क्षणी उभी असते ती ही पितळेची पातळ भिंत.

अशी फुगलेली पुंगळी पुन्हा भरायची तर साच्यात दाबून मूळ अंगावर आणावी लागते. दाबलेले पितळ जाणार कुठे? ते पुढे सरकते, मानेकडे. पोळी लाटताना मध्ये जोर दिला की कड पुढे जाते, तसेच. दर खेपेला मान थोडी लांबते, केसभर म्हणा. तीन-चार खेपांत हे केसभराचे प्रकरण अर्धा मिलिमीटर होऊन बसते.

अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते? खूप बिघडते. रायफलीच्या नळीत पुंगळीसाठी कातलेली जागा ठरलेल्या लांबीची असते, आणि तिच्यापुढे नळी निमुळती होत जाते. लांब झालेली मान त्या निमुळत्या जागेत घुसते आणि तिचे तोंड गोळीला चिमटा घेते. गोळीला सुटायला वाट राहत नाही आणि दाब भलताच चढतो. म्हणून पुंगळी भरण्याआधी मापून तोंड घासायचे, कडेची बर आतून-बाहेरून काढायची, आणि मग बाकीचे. या सगळ्या कामात दारू भरणे हा शेवटचा आणि सोपा भाग. शहाणपण असते ते वाढलेले कापण्यात.

त्या काळी शिकारी लोक हे घरी करीत, कारण विलायती काडतूस महाग आणि पितळ टिकाऊ. आज तो जमाना राहिलेला नाही. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या दाजीपूरच्या रानात शिकारी होत, ते १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर शिकारीची कथाच संपली. त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्याच्याआधी २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने जागतिक अजिंक्यपद पटकावले. तेव्हा बंदूक अजून या मातीत आहे, फक्त तिचे तोंड जनावराकडून कागदाकडे वळले आहे. या नेमबाजांच्या पॉइंट बावीसच्या बारीक काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो. नेम मारताना ती कड चेपते, म्हणून ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी नसतेच. एकदा उडाली की ती भंगारात जाते.

अठरावी पुंगळी

आता फडक्यातली ती एक उरली होती. मेस्त्रींनी ती हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पट्टीच्या खाचेत धरून पाहिली. बसेना.

मुलाने व्हर्निअर लावला. ५०.९.

"तीन-चार खेपा तरी ही मापात आणलेली नाही, सर," तो म्हणाला.

"पण कानस मारलेली दिसतेय की," मी म्हणालो. तोंडावर चकचकीत ओरखडे मलाही दिसत होते.

मेस्त्रींनी मान हलवली. "ह्ये घासणं नव्हं, सर. ह्यो देखावा हाय. वरवर कानस मारली, चमकली, झालं! गेज लावलाच न्हाई." मग त्यांनी तोंडाची कड दाखवली. ती आत दाबल्यासारखी निमुळती झाली होती. नळीच्या अरुंद भागात घुसल्याची ती खूण.

नंतर त्यांनी एक बारीक तार टोकाला वाकवली आणि चांगल्या पुंगळ्यांच्या आतून बुडाजवळ फिरवली. दोन पुंगळ्यांत तार एका जागी अडखळली. मी स्वतः फिरवून पाहिली. बोटाला खाच कळते. वारंवार भरून भरून पितळ तेथे पातळ होते आणि बाहेरून काही दिसत नाही. अठरावी पुंगळी नेमकी त्याच जागी फाटली होती. आणखी तीन पुंगळ्यांच्या मानांवर उभे बारीक तडे होते. मेस्त्रींनी विचारले, "ट्रंक कुठं हुती?" मी म्हणालो, गोठ्यावर. "मग बराबर. गोठ्याचा वास पितळंला बाधतो."

हे मला खरे वाटेना. घरी येऊन वाचले तर ते अक्षरशः खरे निघाले! इंग्रजांच्या राज्यात हिंदुस्थानातल्या लष्कराची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवीत, आणि ती आपोआप तडकत. पावसाच्या मोसमात तडकतात म्हणून साहेबांनी त्याला मोसमी तडे असेच नाव दिले. १९२१ साली धातुशास्त्रज्ञांनी उलगडा केला : जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळात अडकलेला ताण, या दोघांनी मिळून पितळ फुटते. कोल्हापूरच्या मेस्त्रीला जे गोठ्यावरून कळले, त्याला साहेबाची प्रयोगशाळा लागली.

मी मेस्त्रींना सरळ विचारले, "म्हणजे दारू जास्त झाली नव्हती?"

ते लगेच हो म्हणाले नाहीत, म्हणून त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसला. "दारू किती हुती ते पितळ सांगत न्हाई, सर. पर पितळ येवढं सांगतंय, की ही पुंगळी लांब हुती आन् बुडाला झिजल्याली. हिच्यात मापानं दारू भरली आसती, तरी बी घात झालाच आसता."

मग मी मूर्खासारखे एक बोलून गेलो. म्हणालो, ही एक मापात घासून देता का, नमुना म्हणून बाकीच्यांबरोबर ठेवतो. माझा विद्यार्थी आजवर माझ्यापुढे मान वर करून बोलला नव्हता. तो म्हणाला, "सर, मापून देतो. भोक पाडून देतो. घासून देणार नाही." का, ते त्याने सांगितले नाही. वर्गात मी याला दोनदा नापास केले होते, हे मला उगीचच आठवले.

प्रत्येक पुंगळीच्या अंगात त्याने ड्रिलने आरपार भोक पाडले. सतरा. अठरावीला भोकाची गरज नव्हती.

आत्याचा जबाब

या सगळ्याचा साक्षीदार आता एकच उरला आहे, माझ्या वडिलांची आत्या. वय एकोणनव्वद. कान गेले आहेत, पण आठवण शाबूत. अपघात झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती. मी पट्टी आणि ती फाटकी पुंगळी तिच्या पदरात ठेवली आणि मोठ्याने विचारले, "आत्या, हे काम कोण करायचं?"

तिने पट्टी चाचपली. "दादाची पट्टी," ती म्हणाली. दादा म्हणजे थोरले आबा.

"पुंगळ्या घासायचं काम कोणाकडं होतं?"

"तुझ्या आजोबांकडं. भाऊ तवा पंधरा-सोळाचा हुता. दारू मोजायची दादानं, घासायचं भाऊनं. भाऊला कट्टाळा यायचा. वरवर कानस मारायचा नि नदीला पळायचा. मी बघितलंय की."

मी गप्प राहिलो. आजोबांच्या मांडीवर मी वाढलो. पाढे त्यांनी शिकवले, मराठी वाचनाची गोडी त्यांनी लावली. आज मी जो कोणी आहे तो त्यांच्यामुळे आहे.

आत्या सांगत होती. जहागिरदारांचा कारभारी चौकशीला आला तेव्हा थोरले आबा दवाखान्यात होते. कारभाऱ्याने घाबरलेल्या पोराला विचारले, काय झाले? पोर म्हणाले, दारू जास्त झाली. ते खोटेही नव्हते, म्हणजे त्याला तसे वाटले असेलही. पण दारू मोजणारा दादा, म्हणून चूक दादाची. येथवर सारे बंदुकीच्या दारूबद्दलच चालले होते. कारभाऱ्याने वाड्यावर जाऊन चारच शब्द सांगितले, वाड्यावरून ते गावात आले, आणि गावात येईतो शब्दाने बिऱ्हाड बदलले. महिन्याभरात सोयरिकीच्या घरून निरोप आला, दारुड्याला मुलगी देत नाही.

"मग थोरले आबा काही बोलले नाहीत?"

"दवाखान्यातनं आला, त्या दिवशी रात्री दादानं पुंगळ्या पट्टीवर लावून बघितल्या. एका डोळ्यानं. ती फाटकी बी लावली. मग सगळं ट्रंकेत टाकलं आन् मला म्हणाला, पोराचं नाव कुणाम्होरं काढायचं न्हाई. शाळंत हुशार हाय."

आत्याने एकोणऐंशी वर्षे ते नाव काढले नाही. मी मापे घेऊन आलो म्हणून काढले.

आजोबांना माफ करायचे की नाही, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. पंधरा वर्षांच्या पोराला कंटाळा येणे हा गुन्हा नव्हे. घाबरून चार शब्द बोलणे, हाही नव्हे. पण पुढे ते पोर मोठे झाले, त्याला श्लेष कळला, गाव काय समजते आहे ते कळले, आणि तरी ते तेच चार शब्द म्हणत राहिले, अगदी नातवापुढेही. ते सांगून टाकणे त्यांना एका दुपारचे काम होते. वाढलेले वेळीच कापले असते तर! ते त्यांना जमले नाही. आणि त्यांनी थोरल्या भावाचे दोन वेळचे जेवण पंचवीस वर्षे स्वतः मळ्यात पोचवले, कधी गड्याच्या हाती दिले नाही, हेही आत्यानेच सांगितले. पुस्तकातल्या माणसांचे आम्ही वर्गात दोन ओळींत स्वभावचित्रण करतो. घरातल्या माणसाचे तसे होत नाही.

या गोष्टीचा निकाल लावायला आता ना कारभारी आहे, ना जहागिरदार, ना ते गाव पूर्वीचे राहिले आहे. माझ्या हातात होते तेवढे मी केले. थोरल्या आबांचा तो एका बाजूचा फोटो नव्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला आणि त्याच्याखाली त्यांची ती पोलादी पट्टी बसवली. मेस्त्रींना आग्रहाने बोलावले होते. ते आले, फोटोकडे त्यांनी फारसे पाहिले नाही. पट्टी सरळ बसली आहे ना, ते मात्र अंगठ्याने दाबून पाहिले.

वसुबारसेला सगळे घरी जमले होते. धाकट्या भावाच्या मुलीने फोटो पाहून विचारले, "काका, हेच ना ते, दारू प्यायचे ते?"

स्वयंपाकघरातला आवाज एकदम थांबला. आत्या पाटावर बसली होती. तिला ऐकू गेले नसेल, पण तिने माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "प्यायचे नव्हेत, बाळ. भरायचे. आणि ती कधी जास्त झाली नाही."